अकरा थेंब

रक्तपेढीतून फोन आला की माणूस सगळ्यात आधी एकच प्रश्न विचारतो : "काय निघालं?"

तीन महिन्यांपूर्वी शिबिरात आडवा होऊन, वर चार बिस्किटं खाऊन, छाती पुढे काढून घरी गेलेला धडधाकट गडी असतो तो. पण "रक्तपेढीतून बोलतेय" एवढे शब्द कानावर पडले की तो मनातल्या मनात मृत्युपत्र करायला बसतो. यावर उपाय म्हणून हे फोन करणाऱ्या आत्याने पहिली दोन वर्षं "घाबरू नका" अशी सुरुवात करून पाहिली. त्याने कहरच झाला. "घाबरू नका" ऐकून न घाबरणारा माणूस अजून जन्माला यायचाय. एका मास्तरांनी तर फोन बायकोच्या हातात कोंबला आणि थेट पलंग गाठला.

मग एकदा एका कार्डाच्या कोपऱ्यात सिस्टरने लिहिलेलं "डावा" तिच्या नजरेला पडलं आणि तिच्या तोंडून आपसूक निघून गेलं, "हात कसा आहे?"

पलीकडचा माणूस म्हणाला, "बरा आहे की! खूणसुद्धा राहिली नाही." आणि जरा थांबून, "तुम्हाला आठवण आहे?"

तेव्हापासून वीस वर्षं आत्या दिवसाला चाळीस लोकांना हात कसा आहे ते विचारते. त्यातले दहा-बारा जण परत येतात. डॉक्टरीणबाईंच्या मते हा आकडा डोक्यावर घेऊन नाचावा असा आहे. "पहिल्यांदा माणसाला मित्र ओढून आणतात, नाहीतर साहेब," त्या म्हणायच्या. "दुसऱ्यांदा तो स्वतःच्या पायांनी येतो. मला तो दुसऱ्यांदाचा हवा, आत्या. एकदाचे काय, खंडीभर आहेत."

आता ही आत्या कोणाची, तर तिच्या भावाच्या दोन मुलांची. भाऊ लांबच्या शहरात. फार वर्षांपूर्वी त्यातल्या धाकट्याने पेढीत फोन करून "आमची आत्या आहे का?" असं विचारलं होतं आणि तो फोन नेमका बोटं टोचणाऱ्या तंत्रज्ञाने उचलला होता. झालं. त्या दिवसापासून सिस्टर, डॉक्टरीणबाई, झाडूवाल्या मावशी, सगळ्यांची ती आत्या. पुढे भाचे मोठे झाले, आपापल्या कामाला लागले, आणि आता परिस्थिती अशी की ज्यांची ती खरी आत्या आहे तेवढे दोघे सोडून सगळं जग तिला आत्या म्हणतं.

तिची खोली जिन्याखाली. उभं राहताना मान जरा वाकवायला लागते, आणि इतक्या वर्षांत ती सवय अशी अंगात मुरली होती की आत्या उघड्या मैदानातही खुर्चीवरून उठताना मान वाकवायची. टेबल एक, फोन एक, आणि कार्डांचे दोन लाकडी ट्रे. एकावर तिने स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं "एकदा" आणि दुसऱ्यावर "पुन्हा". पहिल्यांदा रक्त देणाऱ्याचं कार्ड "एकदा"मध्ये यायचं. पुरुष असेल तर नव्वद दिवस, बाई असेल तर एकशे वीस दिवस थांबायचं, कारण त्याआधी परत रक्त घेत नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फोन लावायचा. माणूस परत आला की कार्ड "पुन्हा"मध्ये. आणि "पुन्हा"चा ट्रे शनिवारी पुढच्या ऑफिसात जायचा. तिथे कॉम्प्युटर होता. पुढची सगळी बोलावणी तो पाठवायचा, मेसेजने, एका झटक्यात सातशे.

म्हणजे हिशेब असा उफराटा होता : जो आला नाही तो आत्याचा, आणि जो आला तो तिच्या हातून गेला. महिनोन् महिने ज्याच्याशी बोलून, ज्याच्या मुलीच्या परीक्षा, आईचं गुडघ्याचं ऑपरेशन, साहेबाचा खडूसपणा सगळं ऐकून घेतलं, तो एके दिवशी येऊन खाटेवर आडवा व्हायचा. आत्या जिन्याखालून डोकावून बघायची. तो बिस्कीट खाऊन निघून जायचा. शनिवारी कार्डही जायचं.

"वाईट नाही वाटत?" असं एकदा सिस्टरने विचारलं होतं.

"मुली सासरी पाठवल्यासारखं वाटतं," आत्या म्हणाली. "रोजच्या दहा."

घरी तिचा फोन वाजत नसे. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, एकीत ती आणि दुसरीत आईची खाट. आई जाऊन चार वर्षं झाली होती, पण खाट हलवायची तर कुठे हलवायची, म्हणून ती तिथेच होती आणि तिच्यावर आता इस्त्रीचे कपडे झोपायचे. भावाचा फोन रविवारी, सात मिनिटं. बाकी आठवड्याला कधीमधी बँकेच्या रेकॉर्ड केलेल्या बाईचा यायचा. लोक तो दुसऱ्या शब्दाला कापतात. आत्या शेवटपर्यंत ऐकायची. त्या बाईला बोलण्याची पद्धत होती, प्रत्येक वाक्य पूर्ण करायची. धंद्यातलीच कोणी भेटल्यासारखं वाटायचं.

एक गोष्ट मात्र आत्याने फोनवर कधी कोणाला सांगितली नव्हती. जिच्या सांगण्यावरून हजारो माणसं दुसऱ्यांदा आली, ती स्वतः अजून एकदाही रक्त देऊ शकली नव्हती.

त्याचं असं आहे. खाटेवर झोपण्याआधी बोटाला टोचून एक थेंब काढतात आणि मोरचुदाच्या निळ्या पाण्याच्या बाटलीत सोडतात. थेंब बुडाला तर रक्त घट्ट, माणूस पास. तरंगला तर पातळ, माणूस नापास. बुडणारा तरतो आणि तरंगणारा बुडतो असा जगातला हा एकमेव कारभार. आत्याचा थेंब तरंगायचा. खाली जायचा, मध्यावर जरा विचार करायचा, आणि परत वर यायचा. डॉक्टरीणबाईंनी सगळ्या तपासण्या करून सांगितलं होतं की तिच्या रक्तातल्या पेशी जन्मजात बारीक आहेत, आईकडून आलेल्या. तब्येतीला धोका काही नाही, पण गोळ्यांनी फरकही पडायचा नाही. आईकडून भावाला उंची मिळाली आणि हिला बारीक पेशी. वाटण्या कोणाच्या हातात असतात?

तरी ती अकरा वेळा त्या स्टुलावर बसली होती. पहिल्यांदा नोकरीला लागली तेव्हा. मग कधी फ्रीज रिकामा पडला तेव्हा, कधी कोणी फोनवर फार टाकून बोललं तेव्हा. अकराव्यांदा आई गेल्यानंतरच्या आठवड्यात. त्या वेळी बोटं टोचणाऱ्या तंत्रज्ञाने, ज्याला सगळे टोच्या म्हणत, विचारलं होतं, "आत्या, माहीत आहे ना काय होणार? मग कशाला?" तिने बोट पुढे केलं. टोच्या टोचण्याआधी बोट दोन्ही हातांत धरून चोळतो, रक्त यावं म्हणून. अर्धा मिनिट चोळतो. त्या आठवड्यात तिच्या हाताला दुसऱ्या कोणाचा हात लागलेला नव्हता, हे टोच्याला कसं सांगणार?

तर अशा या आत्याने एका मंगळवारी सकाळी कुलूपवाल्याला फोन लावला.

कुलूपवाल्याचं कार्ड "एकदा"च्या ट्रेमध्ये सगळ्यात पुढे होतं, कारण त्याचा गट ओ निगेटिव्ह. हे रक्त कोणत्याही गटाच्या माणसाला चालतं, पण अशा माणसाला वेळ आली तर दुसऱ्या कोणत्याही गटाचं चालत नाही. फ्रीजमध्ये त्याचा कप्पा वेगळा होता, आणि त्या सकाळी त्यात एकच पिशवी होती. डॉक्टरीणबाई जाता जाता जिन्याखाली वाकून म्हणाल्या होत्या, "आत्या, हा सोडायचा नाही हं."

"हात कसा आहे?" आत्याने विचारलं.

"कुठला?" पलीकडून कानस घासल्याचा आवाज येत होता.

"डावा."

"डाव्याने मी कुलूप धरतो, उजव्याने किल्ली फिरवतो. दोन्ही कामावर आहेत. कोण तुम्ही?"

तिने सांगितलं. कानस थांबली.

"काय निघालं?"

"काहीच नाही निघालं. उलट रक्त फार चांगलं आहे तुमचं. दुर्मिळ."

"दुर्मिळ असेल तर मग असं वाटत कशाला सुटू?" तो म्हणाला. मागून एका बाईचा आवाज आला, "कोण आहे हो?" "रक्तवाल्या ताई आहेत!" "मग देऊन टाका ना!" "अगं दूध आहे का ते, देऊन टाकायला?"

हळूहळू हकिकत बाहेर आली. कुलूपवाला दान करायला गेलाच नव्हता. दुकानासमोरच्या हॉलमध्ये शिबिर होतं, तिथल्या कपाटाचं कुलूप अडकलं म्हणून त्याला बोलावलं. कुलूप उघडलं, आणि हत्यारं पिशवीत भरेपर्यंत कोणीतरी त्याला खाटेवर झोपवलंही. सकाळपासून पोटात काही नव्हतं, पण विचारणाऱ्याला तो "खाल्लंय" म्हणाला. रक्त देऊन उठला, हॉलच्या पायऱ्या उतरला, आणि भर बाजारात, सगळ्या दुकानदारांच्या साक्षीने सपशेल आडवा झाला.

"तेव्हापासून बाजारात मला आडवा म्हणतात," तो म्हणाला. "गिऱ्हाईक पत्ता विचारतं, कुलूपवाला कुठे बसतो, तर शेजारचा सांगतो, बसत नाही, आडवा असतो. नको ताई. दुसऱ्या कोणाला तरी बघा."

"भरल्या पोटी आलात, दोन ग्लास पाणी पिऊन आलात, उठायची घाई केली नाहीत, तर काही होत नाही."

"सांगायला काय जातं? तुम्ही स्वतः किती वेळा बसलात त्या स्टुलावर?"

वीस वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता असं नाही. दर वेळी आत्या हसण्यावारी न्यायची. पण त्या सकाळी कप्प्यात एकच पिशवी होती, आणि माणूस विचारत होता तेही अगदी बरोबर शब्दांत, किती वेळा बसलात. तिच्या तोंडून खरं तेच निघालं.

"अकरा वेळा."

पलीकडून एकदम आदराने, "अकरा? बाईमाणूस असून?" आणि मागे वळून, "ऐकलंस का गं, अकरा वेळा दिलंय ताईंनी!" मग परत फोनमध्ये, "मग असं करू. पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी आमचा बाजार बंद असतो. मी येतो. पण तुम्ही शेजारच्या खाटेवर पाहिजे. तुमचं बारावं, माझं दुसरं. तुम्ही नसाल तर मी दारातून परत."

फोन ठेवल्यावर आत्या बराच वेळ मान वाकवून बसून राहिली, आणि बसलेल्याला तर तिथे मान वाकवावी लागत नाही.

पाच आठवडे होते. फरक पडणार नाही हे पक्कं माहीत असून तिने लोहाच्या गोळ्या आणल्या. बीट आणलं, पालक आणला, खजूर आणला. आईच्या खाटेवर इस्त्रीच्या कपड्यांशेजारी खजुराचा डबा आला. रविवारी भाऊ म्हणाला, "आवाज छान येतोय तुझा." तिला वाटलं, लागू पडतंय. मग तो म्हणाला, "नवीन फोन घेतलास का?"

खरंतर सुटका सोपी होती. आज बरं नाही, आज कामाचा ताण आहे, काहीही सांगता आलं असतं. पण तो दारातून परत जाणार होता, आणि तसं त्याने बोलून दाखवलं होतं. ज्या माणसाने एकदा भर बाजारात पडून घेतलंय, तो दारातून परत जाताना लाजणार नाही.

सोमवारी तो आला. कडक इस्त्रीचा शर्ट, केस ओले करून चोपलेले, आणि सोबत बायको, हातात पाण्याची बाटली. "तीन पोळ्या खाऊ घातल्यात," बायकोने दारातूनच जाहीर केलं. "दोन ग्लास पाणी पाजलंय. पडले तर माझा दोष नाही."

"तुम्ही ताई?" कुलूपवाला आत्याकडे बघत म्हणाला. "आवाजावरून जाड वाटला होतात."

टोच्या बाटल्या मांडून बसला होता. "तुम्ही आधी," कुलूपवाला म्हणाला. "मी बघून घेतो."

टोच्याने आत्याकडे पाहिलं. त्याला सगळं माहीत होतं. अकरापैकी आठ थेंब त्यानेच काढले होते. चेहरा दगडासारखा ठेवून तो म्हणाला, "आत्यांना आज नाही घेता येणार. बायकांना एकशे वीस दिवस लागतात. त्यांचे अजून भरले नाहीत."

काय सुरेख थाप होती ती! पेढीत मुरलेल्या माणसालाच सुचावी अशी, नियमाला धरून. कुलूपवाल्यानेही मान हलवली, म्हणजे पटलं होतं. आत्याने नुसतं "हो ना" म्हटलं असतं तरी गाडी पुढे गेली असती. बारावं पुढच्या वेळी, तेरावं त्याच्या पुढच्या वेळी.

आत्या स्टुलावर बसली आणि तिने डावा हात पुढे केला.

"आत्या," टोच्या हळूच म्हणाला.

"टोच रे."

त्याने बोट चोळलं. नेहमीपेक्षा जास्त चोळलं. थेंब बाटलीत पडला आणि चार डोकी बाटलीवर वाकली. थेंब खाली निघाला. चांगला निघाला. मध्य ओलांडून दोन बोटं खाली गेला, इतका खाली तो वीस वर्षांत गेला नव्हता, आणि आत्याला क्षणभर खजुराचा डबा दिसला. मग तो थांबला. आणि सावकाश, कोणी हाक मारल्यासारखा, वर आला.

"हा बुडायला पाहिजे ना?" कुलूपवाल्याने विचारलं.

"हो."

"मग?"

"माझा कधीच बुडला नाही."

"आणि ते अकरा?"

"अकरा वेळा बसले. अकरा वेळा तरंगला. हा बारावा." तिला वाटलं होतं तिचा आवाज कापेल, पण तो फोनवरच्यासारखाच निघाला. "दिलं म्हणून तुम्ही समजलात. मी तुम्हाला समजू दिलं."

कुलूपवाला तिच्याकडे बघत राहिला, एखाद्या न उघडणाऱ्या कुलपाकडे बघावं तसा, रागाने नाही, नीट.

"एकाच कुलपाला तीच किल्ली बारा वेळा लावलीत?"

"माझ्याकडे ही एकच आहे."

"माझ्या दुकानात असं गिऱ्हाईक आलं तर हाकलून देतो मी."

"अहो, तुम्ही गप्प बसा," बायको म्हणाली. "बारा वेळा बोट टोचून घेतलं त्या बाईने. तुम्ही एकदा पडलात तर चार महिने गावाला ऐकवताय. हात पुढे करा."

त्याने हात पुढे केला. त्याचा थेंब छर्रा पडावा तसा तळाला गेला.

खाटेवर झोपल्यावर त्याने आत्याला हाक मारली. "खाटेवर नाही तर नाही, स्टुलावर तरी बसा. ठरलंय तसं." ती बसली. सुई जाताना तो छताकडे बघून तिला कुलपांबद्दल सांगत होता : नवी कुलपं उघडायला सोपी, जुनी अवघड, आणि सगळ्यात अवघड ते जे वर्षानुवर्षं कोणी उघडलेलंच नाही, त्याला आधी तेल घालायचं आणि वाट बघायची. पिशवी भरली. तो पाच मिनिटं पडून राहिला, बसला, उभा राहिला. पडला नाही. बायकोने हे बाजारात स्वतः सांगायचं कबूल केलं. मग ती दोघं बिस्किटं खाऊन गेली.

शनिवारी कार्ड "पुन्हा"मधून पुढच्या ऑफिसात गेलं.

त्या संध्याकाळी आत्याला कोणाला तरी हे सगळं सांगावंसं वाटलं. भावाचा वार उद्या होता. पण उद्या सात मिनिटांत मोरचूद कुठून समजावणार? तिने खजूर संपवले. बँकेच्या बाईचा फोन आला, तो शेवटपर्यंत ऐकला.

पुढचे दिवस नेहमीचे गेले. चाळीस फोन, चाळीस हात. एक्क्याण्णवावा दिवस तिच्या ध्यानात होता, पण ध्यानात ठेवून करायचं काहीच नव्हतं. "पुन्हा"वाल्यांना फोन करायचा नसतो. त्या दिवशी सकाळी पुढच्या ऑफिसात कॉम्प्युटरने आपले सातशे मेसेज सोडले, आणि आत्याने "एकदा"मधलं पहिलं कार्ड उचलून रिसीव्हरकडे हात नेला.

तेवढ्यात फोन वाजला.

हा फोन बाहेर लावण्यापुरता होता. आत वाजायचा तो चुकून, भलत्याच नंबरचा. आत्याने उचलला आणि सवयीने म्हणाली, "रक्तपेढी."

मागे कानस चालली होती.

"ताई, मेसेज आलाय तुमच्या पेढीचा. येतोय मी पुढच्या सोमवारी. पण त्यात हात कसा आहे ते विचारलेलंच नाही हो कोणी."

"तो मशीनचा असतो," आत्या म्हणाली. "कसा आहे हात?"

"हात बरा आहे." कानस थांबली. "बोट कसं आहे?"

प्रत्येकासाठी तिच्याकडे वाक्य तयार असायचं. घाबरटासाठी एक, चिडक्यासाठी एक, बायकोच्या आड लपणाऱ्यासाठी एक. याला नव्हतं. जिन्यावरून कोणीतरी धाडधाड उतरलं, डोक्यावर थोडी धूळ पडली.

"कुठलं?" तिने विचारलं.

"डाव्या हाताचं. करंगळीशेजारचं," कुलूपवाला म्हणाला. "मी बघत होतो ना."

आत्याने रिसीव्हर उजव्या हातात घेतला आणि डावा हात पालथा-उताणा करून बघितला. तीन महिने झाले होते. खूणसुद्धा राहिली नव्हती.